गुरुवार, चार ते सात

तळघरात उतरायला चौदा पायऱ्या.
शेवटची जरा उंच आहे.
मला कुणी सांगितलं नव्हतं.

भिंतीवर लाकडी तक्ता, तक्त्यावर महिना,
एकेका घराचं एकेक पितळी कुलूप.
ज्या चौकोनात कुलूप अडकवाल
तेवढे तीन तास धुण्याची यंत्रं तुमची.
एकतीस वर्षांपूर्वी बुरोसला आले
तेव्हा स्वीडननं मला दिलेली पहिली वस्तू ती:
कुलूप.
दार नव्हतं त्याला.

पहिल्याच महिन्यात, सात वाजून दहा मिनिटं,
मी अजून मिर्सादचे शर्ट पिळत होते.
हातानं. द्रिनेच्या काठावर शिकलेला पीळ,
यंत्राचा पटायचा नाही.
दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी, निळ्या शाईत:
'सात म्हणजे सात. इथे असं चालत नाही.'
खाली सही, गुनवोर, दुसरा मजला.

शब्दकोश घेऊन बसले.
सात सापडलं. इथे सापडलं.
'असं' म्हणजे कसं,
ते पाचशे बावन्न पानांत कुठेच नव्हतं.

मग शिकले. घड्याळ शिकले, साबण किती घालायचा ते शिकले,
लिफ्टमध्ये न बोलणं शिकले (त्याला सर्वांत जास्त वर्षं लागली),
आणि वाळवणयंत्राची जाळी पुसून ठेवणं.
माझा लाल स्वेटर, गुनवोरच्या निळ्या चादरी,
चौथ्या मजल्यावरच्या इराणी दंतवैद्याचे कोट,
जाळीवर सगळ्यांचा मिळून एकच थर.
करडा.
नगरपालिकेच्या बाई वर्गात म्हणायच्या,
आपण सगळे मिळून एक रंगीबेरंगी गोधडी.
बाई, तुम्ही कधी जाळी पुसलीय?

एका हिवाळ्यात गुनवोरचे हात थरथरायला लागले.
मोठी चादर एकटीला आवरेना.
मी न विचारता दोन कोपरे धरले.
ती पुढे, मी पुढे, कोपऱ्याला कोपरा,
मग मागे, मग पुन्हा पुढे.
घडी विस्कटायला आम्हाला एक रात्र पुरली होती,
बसवायला दोघी लागतात हे तेव्हा कळलं.
चौथ्या चादरीला ती म्हणाली,
मी पाच वर्षांची असताना आले, फिनलंडहून, लढाईत,
गळ्यात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर नंबर.
गुनवोर हे नाव इथलं.
आधीचं?
तिनं उशीचा अभ्रा झटकला.
आठवत नाही म्हणाली.

ती गेली त्यानंतर तीन आठवडे
तिचं कुलूप सोमवारच्या चौकोनात तसंच होतं.
सगळी बिल्डिंग सोमवारी मळक्या कपड्यांत.

आणि गेल्या महिन्यात, चार वाजून दहा मिनिटं,
माझ्या यंत्रात दुसऱ्याचं धुणं.
लहान मुलांचे मोजे, तऱ्हेतऱ्हेचे,
आणि एक लांबलचक पांढरी ओढणी, किनार विणलेली.
तिसऱ्या मजल्यावरची नवी, एरिट्रियाची, लेतेब्रहान.
मी वर गेले. पेन काढलं. निळं.
'चार म्हणजे चार. इथे असं चालत नाही.'
शब्दकोश लागला नाही. एकही चूक नाही.
हात थांबला, असं लिहिलं तर बरं दिसेल.
थांबला नाही.
चिठ्ठी चिकटवली, कॉफी प्याले,
आणि कपाच्या तळाशी लक्षात आलं:
झाले मी इथली.

पुढच्या गुरुवारी ती तळघरात उभी,
माझी चिठ्ठी हातात, चार घड्या पडलेली.
स्वीडिश मोडकं, पण प्रश्न धड:
"असं म्हणजे कसं?"

एकतीस वर्षं. तोंड उघडलं,
आत काहीच नाही, नुसता यंत्राचा घरघराट.
म्हणाले,
"शेवटची पायरी उंच आहे. जपून."

"माहीत आहे," ती म्हणाली,
आणि झगा किंचित वर करून
गुडघ्यावरची खपली दाखवली.