पोवळ्यांना न लागणारा उजेड

चाळीस वर्षं मी माणसांच्या तोंडावर उजेड टाकला.
राजाला वरून, खुन्याला खालून,
उतारवयातल्या नायिकेला समोरून, जरा गुलाबी काच लावून.
दर नाताळला ती केक पाठवायची,
का, ते आम्हा दोघांनाच ठाऊक.
त्यामुळे दुकानातल्या कोर्दियानने विचारलं,
"दिव्यांतलं काही कळतं का, काका?"
तेव्हा मी नुसता हसलो.

त्यानं तीन दिवे लावून दाखवले.
एक जुन्या धाटणीचा, मेटल हॅलाइड. भट्टीच ती,
पण तळाच्या वाळूवर उन्हाची जाळी नाचवणारी.
दुसरा नळ्यांचा, सगळीकडे सारखा, सावलीच नाही,
सरकारी कचेरीतल्या दुपारसारखा.
तिसरा एलईडी, तळहाताएवढा,
निळा, जांभळा, पांढरा, वेगवेगळा चढतो-उतरतो, सगळं फोनवरून.
किंमत ऐकून मी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

घेतला मात्र तोच.

ग्दिनियात डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
खिडकीबाहेर बाल्टिक, भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचा.
आत, चौथ्या मजल्यावर, तीनशे लिटर समुद्र,
बादली-बादलीनं मी कालवलेला,
आणि दगडाला चिकटवलेली सात पोवळी, नखाएवढी.
दिवा पूर्ण चढवला. शंभर टक्के.
पहिल्या प्रयोगाला हात आखडायचा नसतो.

खालचा सिल्वेस्टर जिना चढून आला.
"तुझी खिडकी जांभळी दिसते. गांजा लावलायस?"
त्याला आत घेतलं. खुर्ची ओढून बसला,
बीअर संपेपर्यंत चकार शब्द नाही.
जाताना म्हणाला, "हलत नाहीत फारशी."

नवव्या दिवशी एक पांढरं पडलं.
अकराव्या दिवशी आणखी दोन.
मेली नाहीत अजून, कोर्दियान म्हणाला,
अंगात वस्तीला असलेलं शेवाळ बाहेर टाकलंय त्यांनी.
ते उजेडावर रांधतं, ही त्यातलं खातात.
जास्त झालं, काका.

जास्त.
हा शब्द मला आजवर नटांनीच ऐकवला होता, डोळ्यांवर हात धरून,
आणि मी वरून ओरडायचो: सोसा जरा, मागच्या रांगेला दिसायला हवं!
इथं मागची रांगच नाही.

मग मोजमाप. उसना मीटर पाण्यात बुडवून
वाळूवर ऐंशी, मधल्या खडकावर दीडशे,
वरच्या कडेला असा आकडा की मी तो इर्मिनाला सांगितला नाही.
दिवा वीतभर वर टांगला. तीस टक्क्यांवर आणला.
आठवड्याला पाच-पाच चढवायचे.
इर्मिना नर्स आहे, ती म्हणाली, बरोबरच आहे,
लंघन झालेल्याला आधी पेज देतात, ताट नाही.

दोघांना रंग परत आला, तपकिरी, मग हिरवट.
तिसऱ्याचा सांगाडा खिडकीत बशीत आहे.

इर्मिनाची निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, अजून रात्रपाळी.
सकाळी येते, झोपते, उठते तेव्हा बाहेर अंधार.
पोवळ्यांना काय, सूर्य कुठल्या घड्याळानं उगवतो याचं सोयरसुतक नाही.
मी उगवती साडेतीनला लावली.
बाहेर मावळतं तेव्हा आमच्या काचेत उजाडतं,
आणि ती कप घेऊन समोर बसते.

पण निळ्यात माणूस मेलेला दिसतो.
हे रंगभूमीवरचं पोरसुद्धा सांगेल.
तिचे ओठ, हात, गळ्यातली अंबरची माळसुद्धा शिशासारखी.
तीन दिवस मी ते पाहिलं.
चौथ्या दिवशी फोन घेऊन बसलो,
पिवळसर पांढरा बारा टक्के वाढवला, साडेतीन ते सहा.

"त्याचा पोवळ्यांना काही उपयोग नाही," कोर्दियान म्हणाला.
"उलट काचेवर शेवाळ माजेल."
ठाऊक आहे, म्हटलं.

इर्मिना म्हणाली, "आज चहाचा रंग बरा आलाय."

रविवारी ती झोपलेली असताना
मी बाह्या वर करतो, कोपरापर्यंत समुद्रात,
आणि जुन्या पात्यानं काच खरवडतो.