अस्वलाचा डावा हात

शनिवार-रविवार मी अस्वल असतो.
सोमवारपासून पुन्हा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत
खुर्ची क्रमांक एकोणचाळीस,
राज्यघटना, चालू घडामोडी, डब्यातली गार पोळी.
अस्वलाचे दिवसाला सहाशे मिळतात,
जेवण धरून.

कात्रजच्या डोंगराखाली पार्क. मे महिना.
मी बाहेर बघतो ते अस्वलाच्या तोंडातून,
जिभेमागे काळी जाळी आहे, तिच्यातून.
पोरं मात्र वर बघतात, त्याच्या डोळ्यांत,
आणि तिथे कुणीच नसतं.

पहिल्या आठवड्यात मी नाचायचो,
रडणाऱ्याजवळ जाऊन जास्तच नाचायचो.
मग एका दुपारी शबानाताई,
सशाचं मुंडकं मांडीवर, हातात भाकरीचा तुकडा,
म्हणाल्या, "जाऊ नको रे जवळ.
खाली बस. तोंड फिरव.
त्याला तुला चोरून बघू दे.
आणि फोटोवाला बाप आला ना पोराला ढकलत,
तर आपणच दोन पावलं मागं सरायचं.
बापाला राग येतो. येऊ दे."

आज जुई आली.
तीन वर्षांची असेल, पायात वाजणारी चप्पल.
मला पाहिलं आणि चप्पल वाजायची थांबली.
तोंड उघडलं, पण आवाज बराच वेळ आलाच नाही,
आणि आला तेव्हा बाबांच्या पँटला लोंबकळून आला.
बाबा एका हाताने पट्टा सावरत, दुसऱ्याने फोन धरून:
"अगं, काही करत नाही तो! बघ, हसतोय की!"

हसतोय, हेच तर.
न मिटणारं हसू मी ओळखतो.

आमच्या गावात बहुरूपी यायचा, मारुती होऊन.
मी कणगीमागे लपायचो,
शेपटाचा घुंगरू गल्लीच्या टोकाला वाजला की.
"मुलगा असून भितोस?" म्हणणारे पुष्कळ होते.
आई काही बोलली नाही. एकदा बखोटीला धरून
मागच्या दारी नेलं, आणि लांबच उभं केलं.
मारुती ओट्यावर बसला होता,
शेपूट मांडीवर गुंडाळून, बशीतून चहा पीत होता.
मिशीखाली त्याला घाम आला होता.
आई म्हणाली, "दामूअण्णा, अजून घालू का थोडा?"
मारुतीला नाव आहे, हे मला तेव्हा कळलं.

इथे मुंडकं काढायची परवानगी नाही.
आतला माणूस दिसता कामा नये,
नियम क्रमांक चार, पाटसकर मॅडमच्या सहीने.
मी दोन पावलं मागे सरलो,
कारंज्याच्या कट्ट्याला पाठ लावून खाली बसलो,
तोंड झोपाळ्यांकडे केलं.
मग हळूच डाव्या हाताचा पंजा उतरवला.

आत माझा हात. घामाने सुरकुतलेला,
मधल्या बोटावर निळी शाई,
काल रात्री उत्तरं लिहिताना पेन गळलं होतं.
तो हात मी गुडघ्यावर नुसता ठेवला.
हलवला नाही.

जाळीतून फक्त झोपाळे दिसत होते.
मागे बराच वेळ काही नाही.
मग चप्पल एकदा वाजली.
थांबली.
पुन्हा एकदा.
"बाबा, त्याच्या आत दादा आहे."
"असतोच गं."
"त्याने बोट रंगवलंय."
आणि मग, जरा रागावूनच:
"त्याला उकडतंय. पाणी द्या ना."

बाबांनी फोन खिशात ठेवला. तेव्हा तरी ठेवला.
ती आली, पण सगळी आली नाही.
दोन फरश्या अलीकडेच थांबली,
गुलाबी झाकणाची बाटली खाली ठेवली
आणि चपला वाजवत उलट पळाली,
बाबांच्या पायांमागून एक डोळा काढून उभी राहिली.
फोटो नाहीच निघाला.

मुंडकं घालून पाणी पिता येत नाही.
मी बाटली उचलली, डाव्या हातानेच,
छातीच्या केसाळ कापडाशी धरून ठेवली.
संध्याकाळी पगारातून पन्नास वजा:
पंजा, विनापरवानगी.
स्वारगेटच्या बसमध्ये झाकण उघडलं.
पाणी कोमट झालं होतं
आणि त्याला थोडी सरबताची चव होती.
बाटली परत द्यायची राहिलीय.