सहा तास वीस मिनिटं

हैदराबादचं विमान उतरलं अकरा चाळीसला.
पुण्याचं सहाला.
मधला वेळ जळगावच्या विमानतळावर,
जिथं खुर्च्यांच्या रांगा मोजून पाच.

बारा वाजता दिवे गेले, मग एसी.
गार्ड म्हणाला, आता डायरेक्ट संध्याकाळचं विमान साहेब,
आम्ही कुलूप लावतो. पाचला या.
मी पुष्कळ विमानतळांवर ताटकळलोय,
खुर्चीच्या लोखंडी हातावर पाय टाकून झोपलोय,
दोनशे ऐंशीचा चहा प्यालोय,
पण विमानतळानंच जांभई देत
मला बाहेर काढलं, हे पहिल्यांदा.

बाहेर वैशाख.
डांबर मऊ. कुत्रं रिक्षाखाली, रिक्षावाला रिक्षात,
दोघांचे डोळे मिटलेले.

धरणगाव तीस-बत्तीस किलोमीटर.
बूट जाळत उभ्याउभ्या हिशोब केला:
जायला तास, यायला तास,
पंधरा मिनिटं दारातच, किती वाळलास रे,
वीस मिनिटं, भाऊजींच्या वेळी का नाही आलास,
त्यावर गप्प बसायला दहा,
मग जेवण, मग नको नको म्हणताना अजून एक भाकरी.
सगळं बसत होतं.
वर चाळीस मिनिटं उरत होती.

ती चाळीस मिनिटंच नडली.
मी केस कापायला गेलो.

नशिराबादच्या रस्त्याला सुकलालचं पत्र्याचं दुकान.
कुलरच्या ओल्या गवताचा वास.
"या, बठा. कथा चालनात?"
पुण्याला.
"मंग आठे काय करी राहिनात?"
वाट बघतोय.
"कोनी?"
विमानाची म्हटल्यावर तो हसला नाही.
रविवारी इथं एसटीची वाट बघणारे बसतात,
त्यांच्याकडे बघतो तसंच माझ्याकडे बघितलं
आणि मान खाली दाबली.

धंदा विचारला. डायलिसिसची मशिनं दुरुस्त करतो म्हटलं.
थोडा वेळ नुसती कात्री.
मग पाण्याचा फवारा, आणि डोक्यात बोट फिरवून,
"दोन भवरा शेतस तुमले. दोन लगीन!"

"एकच व्हयनं भो," मी म्हणालो.

कात्री थांबली.
आरशात आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.
एकोणीस वर्षं ज्या तोंडानं
तेलुगूत भाव केले, इंग्रजीत रिपोर्ट दिले,
त्या तोंडात हे इतकी वर्षं कुठल्या दातामागं बसलं होतं कोण जाणे.
"आठलाच शेतस की मंग," सुकलाल म्हणाला,
आणि मानेवरचा वस्तरा
जरा हळू फिरला, किंवा मला तसं वाटलं.

समोरच्या हॉटेलात शेवभाजी खाल्ली, नाक पुसत.
परत येऊन त्याच्याच बाकावर झोपलो,
बॅग उशाला, स्क्रूड्रायव्हर कानाशी.
उठलो तेव्हा चार वाजून गेलेले.
सुकलालनं पैसे घेतले फक्त कटिंगचे, झोपेचे नाही.

आणि मग काय वाटलं सांगता येत नाही,
आरशात बघून एक फोटो काढला, ताईला पाठवला.
नवीन कटिंग, इतकंच लिहिलं.
लहानपणी ती न्हाव्याच्या मागं उभी राहून
हुकूम सोडायची, कानाजवळ अजून, अजून.
लगेच उत्तर: मागून वाकडं असणार. कुठं कापलेस?
मी लिहिलं, हैदराबाद.

टाइप करतेय, दिसलं.
थांबलं.
पुन्हा टाइप करतेय.

हैदराबादच्या न्हाव्याकडे
धरणगावच्या भांड्याच्या दुकानाचं कॅलेंडर कसं रे?

मागं वळून पाहिलं. होतंच ते. लाल आकडे,
खाली मेन रोड, धरणगाव, फोन नंबरसकट.
"मनी सासरवाडी तठे शे," सुकलाल म्हणाला,
विचारलं नसताना.

फोन वाजला. हॅलो नाही, कसा आहेस नाही.
विमान कितीला?
सहाला.
मागं कुणालातरी हाक, गाडीची किल्ली, चप्पल,
आणि मग माझ्यासाठी एवढंच:
तिथंच उभा राहा.

पाचला कुलूप निघालं.
दिवे आले, एसी घरघरला, काचेवर वाफ धरली.
आत या ना साहेब, गार झालंय, गार्ड म्हणतोय.
मी बाहेरच, उन्हात, रस्त्याकडे तोंड करून.
कॉलरच्या आत बारीक केस टोचतायत.