एकोणसाठ

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, खजुरी बाजारात,
एकाच गणिताच्या पुस्तकाच्या तीन प्रती मागितल्या
तसा दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला.
"कोचिंग खोल रहे हो क्या, भाभीजी?"
नाही, घरचीच आहेत. तिघं.
"तीनों चौथी में?"
आता ह्याला काय सांगू.
आमच्याकडे कोणीच कशात नाही.
थोरला भागाकारात अडकलाय, मधली हातच्यात,
धाकटा अजून तीनचं तोंड भिंतीकडे करतो.
पण हे पुन्हा छापणार नाहीत
असं मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात ना,
म्हणून.

महिनाभर पलंगावर पुस्तकंच पसरलेली.
एकात इतके हत्ती आणि फुगे
की बेरीज शोधावी लागे.
एकात पानभर एकाच जातीची उदाहरणं, दळण टाकल्यासारखी.
विहंगला तेच आवडलं. त्याला रांग लागते.
शाल्मली पहिल्या ओळीलाच विचारते, कशाला?
तिच्यासाठी एक पातळसं, जुनं,
मागची उत्तरं कोणीतरी फाडून नेलेलं.
उत्तरं नाहीत म्हणून वीस रुपये कमी झाले.
रात्री भांडी आवरल्यावर ती वीस रुपयांची उत्तरं
मीच काढत बसते.
आधी माझं चुकतं.

वन्संचा खांडव्याहून फोन:
शाळेत घाल गं, एकदा फी भर, सुटलीस.
खरं आहे.
सुटले असते.

त्याच आठवड्यात वर्षाचा गहू आला, शरबती.
एरंडेल चोळून चोळून कोठीत भरला,
हात साबणानं तीनदा धुतले
आणि पुस्तकं कोठीमागच्या फळीवर रचली,
मधेमधे कडुनिंबाचा पाला.
सुधन्वा पीथमपूरहून रात्रपाळी करून आला,
डबा हातातच, बघत राहिला.
"पुस्तकांना पण किडे लागतात?"
लागतात की. पोरकिडे.

तीन प्रती त्या एकाच्याच परवडल्या.
बाकी सगळी एकेक, स्वेटरसारखी
थोरल्याकडून खाली उतरत जाणारी.
म्हणून घरात पेन नाही. पेन्सिल, तीही हलक्या हातानं.
विहंगचं झालं की पावाच्या तुकड्यानं, खोडरबरानं,
पान खरबरीत होईपर्यंत खोडायचं.
तरी शाल्मली ते पान खिडकीशी तिरकं धरते,
दादानं दाबून लिहिलेला आकडा वाचते,
आणि तोच लिहिते.
मग चूक दोघांची एकाच जागी,
एकावर एक, बोट फिरवलं तर लागेल इतकी खोल.
तिला रागवायला गेले
तर म्हणाली, मी नाही, पुस्तकच म्हणतंय.

परवा गच्चीवर कुरडया मोजत होती.
अठ्ठावन्नवर थांबली.
पुढचं येतं तिला, मला माहीत आहे.
खालच्या मजल्यावरची गुड्डन तर तिथून ओरडलीसुद्धा: उनसठ!
पण ही तशीच उभी, एक बोट कुरडईवर.
"आई, साठ अजून आलेच नाहीत.
मग त्यातला एक उणा आत्ताच कसा केला?"

ऊन डोक्यावर आलेलं.
मला फळीवरचं सर्वांत वरचं पुस्तक आठवलं,
सातवीचं, निम्म्या किमतीत मिळालं म्हणून घेतलेलं,
ओजससाठी,
ज्याचा तीन अजून भिंतीकडे बघतो.
म्हटलं, कोणीतरी आधी साठपर्यंत जाऊन आलं असेल गं.
"मग त्यानं परत येऊन फक्त एवढंच सांगितलं?"

ह्याचं उत्तर फाडून नेलेल्या पानांतही नसणार.

पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.
अठ्ठावन्नच होत्या.
एकोणसाठावी जिन्यात सापडली,
ओजसच्या हातात, ओली,
अर्धी.