पहिलं नाव पाण्याचं

आज वारा एवढा की पालिकेने
चौकात दोर बांधलेत, धरून चालायला.
त्या दोराला धरत धरत आला नोल्बेर्तो कार्कामो,
टोपी छातीशी आवळलेली,
म्हणाला, बायकोसाठी काहीतरी दे.
तोंडाला लावायचं. आग थांबवणारं.

त्याची बायको दोन हिवाळ्यांपूर्वी
सीमेपलीकडे बहिणीकडे गेली, ती गेलीच.
अख्ख्या पुंता अरेनासला हे ठाऊक आहे.
मी विचारलं, कातडी कशी आहे त्यांची?
कोरडी. गालांवर लाल. हसलं की तडकते.
मग जरा थांबून :
फारशी हसत नाही ती.

काचेच्या कपाटातली निळी बरणी त्यानेच दाखवली.
पन्नास मिलिलिटर, चोवीस हजार नऊशे नव्वद पेसो.
मालकांचा हुकूम आहे, गिऱ्हाइकाला आधी तीच दाखवायची.
मी भिंग काढलं.
तेवीस वर्षं या गल्ल्यामागे उभी आहे मी,
बरणीचं तोंड बघू नये, पाठ वाचावी,
एवढं तरी शिकलेय.

ऐका, म्हटलं. यादी वजनाने लावतात.
ज्याचा भार जास्त तो पुढे.
पहिलं नाव पाण्याचं.
पाण्याचं? त्याने दाराकडे पाहिलं.
बाहेर सगळी सामुद्रधुनी उसळत होती, फुकट.

दुसरं ग्लिसरीन. ते गुणाचं, ओल धरून ठेवतं.
तिसरं सिलिकॉन, बोट सुळकन फिरावं म्हणून;
कातडीला त्याचं सुखदुःख नाही.
मग एक मेणासारखं,
तेलापाण्याचं भांडण मिटवणारं.
आणि ओट, ज्याचं कणीस झाकणावर
हाताएवढं छापलंय, ते अकरावं.
एक टक्क्याच्या खाली, नोल्बेर्तो,
कुणीही कुठेही उभं राहिलं तरी चालतं.
तिथे रांग नसते, नुसती गर्दी.
आमच्यासारखी, तो म्हणाला.

शेवटून दुसरं लव्हेंडर.
फाटलेल्या गालावर ते मिठासारखं बसेल.
त्यांच्या गालावर, मी घाईने दुरुस्ती केली.

आणि हे? त्याचं बोट नवव्या नावावर.
लॅनोलिन. लोकरीतली चरबी.
बोट तिथेच राहिलं.
चाळीस वर्षं मेंढ्या कातरणारं बोट,
सुटे पैसे देताना दरवेळी मला चकित करणारं,
तान्ह्या बाळाच्या टाचेसारखं मऊ.
चेहरा मात्र वाऱ्याने सोललेला.
गाठोडी बोटीत चढतात, तो म्हणाला, पुढचं आम्हाला कोण सांगतं?
धुतात कुठेतरी, मी म्हटलं. धुवण गाळतात.
म्हणजे माझ्याकडून किलोने नेतात
आणि मला थेंबाने विकतात.

थेंबाला किती पडतात त्याचा हिशेब मी करून ठेवला होता :
मिलिलिटरमागे पाचशे, दहा-वीस पैसे कमी.
तो मेंढ्यांत मोजत होता. ओठ हलत होते.
किती झाल्या, मी विचारलं नाही.

खालच्या फळीवरून पांढरा डबा काढला.
चारशे ग्रॅम, सात हजार. ना वास, ना नक्षी.
पाणी इथेही पहिलंच, म्हटलं, ती काही लबाडी नाही.
कातडीला पाणीच हवं असतं.
फक्त ते उडून जाऊ नये
म्हणून कुणीतरी वर राहावं लागतं.
इथे व्हॅसलीन राहतं. खाली पॅन्थेनॉल, आग शमवायला.
लॅनोलिन नाही.
ते तुमच्याकडे आहे.

त्याने नोटा मोजल्या, डबा कोटात खुपसला.
दारात अडखळला.
किती वेळा लावायचं तिने?
दोनदा. तोंड धुतल्यावर, टिपून घेतल्यावर, ओलसर असतानाच.
वाट बघू नका वाळायची.

मग एक हात कोटावर, एक दोरावर,
तिरका तिरका होत तो कोपऱ्यावरून वळला.
निळी बरणी पुसून मी परत कपाटात ठेवली,
पाठ बाहेर करून.
संध्याकाळी मालक फिरवतील.