कवडूचा नवस

मारबतीच्या दिवशी इतवारीत उभी होते.
पिवळी येत होती दुरून, डोक्यांवरून डोलत,
आणि सगळे ओरडत होते,
खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा.
माझ्या पुढचा माणूस ओरडता ओरडता खोकला.
एकदा. मग थांबेचना.
मागे वळला तेव्हा ओळखलं: कवडू हेडाऊ, तांडापेठ.
त्याच्या थुंकीचा रिपोर्ट
सकाळीच माझ्या पिशवीत येऊन पडला होता.

कवडू नाव का, ते त्याच्या आईने सांगितलं,
गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं करत.
आधीची दोन राहिली नाहीत.
तिसऱ्याला शेजारच्या सोनाबाईला विकलं, एका कवडीला,
म्हणजे मरणाला वाटावं, हे पोर आपल्या वहीतलं नाही.
"तवापासून ठीक होता पाहा."
मी पाकिटावर तारीख घातली.
त्या दोघांना काय झालं होतं, हे विचारावं की नाही, या विचारात होते.
"खोकतच गेले," ती आपणहून म्हणाली.

शेडमध्ये आठ माग, चार माणसं, खिडक्या बंद.
हवा लागली की सूत सुकतं, सुकलं की तुटतं.
दर तासाला एक खर्रा.
ठेल्यावरून घोटून आणलेल्या पन्नीचं रबर सोडायचं,
ती तळहातावर उघडायची,
आणि चार कपाळं एकमेकांना टेकतील इतकी खाली यायची.
आधी मोठ्याला. शेवटची चिमूट आणणाऱ्याची.
एकट्याने खर्रा खाणाऱ्याला इथे माणसात धरत नाहीत.

मी समजावलं, पन्नीतून नाही होत,
त्या वाकण्यातून होतं,
बंद खिडकीतल्या श्वासातून.
निदान काही आठवडे लांब बैस.
खर्रा तर सोडच, पण ते पुराण वेगळं,
त्याचं रजिस्टरही वेगळं.

कवडू हसला. "लांब बसलो त विचारतीन, कावून.
सांगतलं त चहा बी वेगळ्या कपात.
पोरीचं जमून राह्यलं ताई."

मी गप्प. मला आत्याचा कप दिसला,
दांडी तुटलेला, मोरीवरच्या कोनाड्यात.
तो कोनाडा आम्हीच ठरवला होता.
मी नववीत होते. धुवायचे तो, दोन बोटांनी.

पुढच्या सोमवारी गेले तर हा शेडबाहेर,
उलट्या घमेल्यावर, तोंडाला दुपट्टा.
आतून हाक आली, "ये ना बे!"
"नवस हाय बावा. महादेवाचा.
शिवरात्रीपोवतर खर्रा नाही,
कोनाच्या जवळ बसनं नाही."
कोणी पुढे एक शब्द विचारला नाही.
उलट त्याच्याशी बोलता यावं म्हणून
एक खिडकी उघडली.
त्या दिवशी तीनदा सूत तुटलं,
मालकाने शिव्या दिल्या,
पण देवाच्या कामात खिडकी लावणार कोण?

मी बोटांवर मोजलं. पोळा ते शिवरात्र,
गोळ्यांचे सहा महिने, चार दिवस इकडेतिकडे.
"कोणी सुचवलं?"
"कोन सुचवन? तुमचा कागद वाचला,
मंग कालनिर्णय पाह्यलं."

पंधरा वर्षं भिंतींना पोस्टरं चिकटवतेय मी.
जुन्या रीती सोडा, ठळक लाल अक्षरात.
याने काहीच सोडलं नाही.
एका रितीला दुसरीच्या आड बसवलं,
घमेल्यावर, वाऱ्यात.

खोटं बोलला तो, हेही खरं.
माझ्या नोंदीत त्यासाठी रकाना नाही.
शेरा लिहिला: रुग्ण सहकार्य करतो.

डिसेंबरात केंद्राच्या दारात परसराम नंदनवार,
त्याच शेडमधला, तिसऱ्या मागावरचा.
दुपट्ट्यात खोकला, दम घेतला,
पायरीवर उभा राहूनच म्हणाला,
"मले बी नवस बोलाचा हाय."
कवडूकडून याला, की याच्याकडून कवडूला,
ते मारबतीलाही सांगता येणार नाही.
मी झाकण उघडून
थुंकीची डबी पुढे केली.