ष्ठ

पाटी रंगवणाऱ्याला आधी शब्द दिसत नाही,
जागा दिसते.
किती अक्षरं, किती फूट, मात्रेला वर किती सोडायचं.
कै. रंभाबाई शिरसमणे प्रतिष्ठान:
एकोणीस वर्षं हे नाव बसवतोय मी
सातपूरपासून पार सुरगाण्यापर्यंत.
त्यातला ष्ठ फार छळतो.
पोटफोड्या ष, त्याच्या पायाशी ठ,
ओळीखाली लोंबतो लेकाचा
आणि खालच्या ‘यांच्या सौजन्याने’वर जाऊन टेकतो.

पहिली पाटी द्वारकेजवळच्या पाणपोईची.
मग रुग्णवाहिकेची दारं, हरसूलच्या आश्रमशाळेची टाकी,
म्हसरूळच्या वाचनालयात तर कपाटागणिक.
अमरधामात लाकडं मोफत झाली
तेव्हा शिडीवर मीच होतो, नाकाला रुमाल बांधून,
खाली कुणाचा तरी भाऊ म्हणाला, जरा थांबा हो.
थांबलो.

रंभाबाई कोण, कुणालाच सांगता येईना.
भद्रकालीच्या भाजीबाजारात ठकूबाई आहेर म्हणाली,
“ती होय! कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा तास घालायची,
वर दोन मिरच्या मागून न्यायची.”
त्या दिवसापासून नाव जरा मायेनं लिहू लागलो.

शालनचा मोतीबिंदू त्यांच्याच दवाखान्यात काढला.
पट्टी सोडली, समोर भिंतीवर माझी पाटी.
“काय दिसतंय?” डॉक्टरांनी विचारलं.
“ष्ठ वाकडा आलाय.”
अख्खा वॉर्ड हसला.
वृषालीच्या नर्सिंगची फीसुद्धा
दर जूनला तेच भरतात.

परवा रात्री त्याच दवाखान्यातल्या सहाजणी घरी आल्या,
एक तर गणवेशातच.
कंत्राटावरच्या. चार महिने पगार नाही.
सकाळी फाटकासमोर बसणार होत्या.
“काका, एकही फ्लेक्सवाला तयार नाही.”
म्हटलं, पेपरात तरी द्या.
“पहिल्या पानावर त्यांचीच जाहिरात असते, काका.”

मला कुणी दम दिला नव्हता.
फोन नाही, निरोप नाही.
कापड ताणलं, खडूनं रेघा मारल्या, लाल डबा उघडला.
‘आमचा थकलेला पगार द्यावा’
ठसठशीत उतरलं.
कुणी द्यावा, तिथं आलो
आणि बोटं एकदम म्हातारी झाली.
‘व्यवस्थापनाने’ असं लिहिलं.
एकही ष्ठ नसलेला शब्द.

पोरी काही बोलल्या नाहीत.
चौघींनी चार कोपरे धरून कापड ओलंच नेलं.
पैसे देत होत्या, मी घेतले नाहीत,
एवढंच काय ते माझं दातृत्व.

शालन ओट्यावर उभी होती, चष्म्याशिवाय.
“नाव नाही घातलंत.”
म्हटलं, जागा पुरली नाही.
“पुरत होती,” ती म्हणाली,
“मला आता लांबूनही दिसतं.”